खाऱ्या पाण्यातील प्राणवायू : दोन राशींचा इतिहास

पाण्यात प्राणवायू किती मावतो आणि तो किती त्वरेने शिरतो, हे दोन प्रश्न बोलण्यात सहज एक होतात. शास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचा प्रवास निरनिराळ्या वाटांनी झालेला आहे. खाऱ्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणात या दोहोंची गल्लत महागात पडते. म्हणून हा प्रवास पाहणे उद्बोधक ठरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. बुडापेस्ट येथील लायोश विंक्लर याने 1888 मध्ये पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रासायनिक रीत प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी रशियन शरीरशास्त्रज्ञ सेचेनोव्ह याने, क्षार वाढत गेले की द्रावणातील वायूची विद्राव्यता नियमाने घटत जाते, असा संबंध मांडला. 20 अंश सेल्सियसला गोड्या पाण्याच्या एका लिटरात हवेतील सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे 7.4 मिलिग्रॅमच असतो. यावरून, खाऱ्या पाण्यात हवा खेळविणे हे तोट्याचे काम, असे अनुमान कोणीही काढील.

दुसरा प्रश्न सांडपाण्याने तातडीचा केला. 3 एप्रिल 1914 रोजी आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टर येथे, सांडपाण्यात हवा सोडून व साचलेला गाळ राखून ते शुद्ध करण्याचे आपले प्रयोग सादर केले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे 1916 मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. आता हवेवरचा खर्च हा हिशेबाचा विषय झाला. 1923–24 मध्ये व्हिटमन आणि लुइस यांनी, वायू व द्रव यांच्या सीमेवर दोन पातळ थर असतात आणि तेच अडथळा करतात, अशी उपपत्ती मांडली. हिग्बी (1935) आणि डँकवर्ट्‌स (1951) यांनी स्थिर थराऐवजी वारंवार बदलणाऱ्या पृष्ठभागाची कल्पना पुढे आणली. तिन्ही उपपत्तींतून व्यवहाराला एकच सूत्र लाभले : संक्रमणाचा वेग म्हणजे संक्रमण-गुणांकाला, मावू शकणारा आणि प्रत्यक्ष असलेला प्राणवायू यांतील अंतराने गुणून येणारी राशी. या गुणांकात बुडबुड्यांचे एकूण पृष्ठफळही अंतर्भूत असते.

क्षाराचा उलटा परिणाम येथेच प्रकट होतो. मारुच्ची आणि निकोडेमो (1967), तसेच लेसार्ड आणि झिमिन्स्की (1971), यांच्या अभ्यासांनी क्षारद्रावणांत बुडबुडे एकमेकांत मिसळण्यास कचरतात, ही गोष्ट मोजमापाच्या कक्षेत आणली. मिठाच्या बाबतीत हा पालट लिटरला साधारण 5 ते 10 ग्रॅमच्या सुमारास घडून येतो. बुडबुडे लहान राहतात, सावकाश वर चढतात. पृष्ठफळ वाढते आणि गुणांकही वाढतो. क्रेग, निनहॅम आणि पॅश्ली यांनी 1993 मध्ये दाखविले की काही क्षार असा अटकाव करतात, तर काही करीत नाहीत. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप झालेले नाही.

या शोधाने मोजण्याच्या रीतीवरही प्रकाश पडला. वातनयंत्राची परीक्षा घेताना पाण्यातील प्राणवायू सोडियम सल्फाइट घालून काढून टाकतात आणि तो पुन्हा कसा वाढतो ते पाहतात. सल्फाइटाचे सल्फेट होऊन ते पाण्यातच उरते. त्याच पाण्यात चाचण्या पुनःपुन्हा केल्या म्हणजे क्षार साचतात, बुडबुडे बारीक होतात आणि यंत्र आहे त्याहून गुणवान दिसते.

या ज्ञानाची कसोटी हाँगकाँगसारख्या ठिकाणी लागते. तेथे 1950 नंतरच्या दशकात शौचालयांसाठी समुद्राचे पाणी वापरण्यास आरंभ झाला. त्यामुळे नगराचे सांडपाणीच खारे झाले. अशा पाण्याचा हिशेब कसा करावा? टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम प्राणवायू राखावयाचा असेल, तर गोड्या पाण्यात 7.1 आणि समुद्राच्या पाण्यात 5.4 मिलिग्रॅमचे अंतर उरते. म्हणजे गुणांक सुमारे 1.3 पट झाला, तरच तूट भरून निघते. तो त्याहून अधिक वाढला तर खारेपणा लाभाचा ठरतो. पण साबणादी द्रव्ये गुणांक घटवितात आणि अति खारेपणा जंतूंनाही बाधतो. विद्राव्यतेचे कोष्टक पाहून केलेली योजना हवा वाजवीहून अधिक पुरवील. केवळ गुणांकावर विसंबलेली योजना ती कमी पुरवील. दोन राशी वेगळ्या मोजणे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.