धंदेवाईक विजेती : सुझान लांग्लेन

‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन शब्द आपणां मराठी माणसांस नाटकाच्या प्रांतांत चांगले परिचयाचे आहेत. हौशी नट म्हटला कीं तो सभ्य गृहस्थ, आणि धंदेवाईक म्हटला कीं नाक किंचित् मुरडावयाचें, असा प्रघात पूर्वीं आपल्याकडे होता. गंमत अशी कीं, पहिलवानास हा न्याय कोणी लावला नाहीं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मल्लांना पोसलें, इनामें दिलीं. त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. टेनिसच्या जगांत मात्र हा भेद इतका कडक होता कीं, त्यापायीं त्या काळची सर्वश्रेष्ठ स्त्री-खेळाडू एकाएकीं परकी ठरली. श्रोतेहो, तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सुझान लांग्लेन हिचा जन्म २४ मे १८९९ रोजीं पॅरिस येथें झाला. बाप शार्ल हाच तिचा गुरु. मैदानांत ठिकठिकाणीं हातरुमाल टाकावयाचे आणि मुलीनें चेंडू नेमका त्यांवर पाडावयाचा, अशी त्याची शिकवण्याची रीत. उभा जन्म शाळेंत घालविलेल्या मला ही युक्ति फार आवडते. पण चूक झाली कीं चारचौघांत तो मुलीला बोल लावी, हें आवडत नाहीं. पंधरावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें, अशा वयांत, १९१४ सालीं, तिनें पॅरिसला मातीच्या मैदानावरील जागतिक अजिंक्यपद मिळविलें. लगोलग महायुद्ध पेटलें आणि चार-पांच वर्षें फुकट गेलीं.

विंबल्डनला ती प्रथम गेली १९१९ सालीं. अंतिम सामन्यांत समोर होत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. वय चाळीस, आणि हें अजिंक्यपद त्यांनीं पूर्वीं सात वेळां जिंकलेलें. पाहावयास राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी. तिसऱ्या सेटमध्यें चेंबर्सबाई सहा-पांच अशा पुढें होत्या आणि विजयाला एकच गुण कमी होता. अशी संधी त्यांना दोनदां आली. त्यांपैकीं एकदां तर सुझानच्या रॅकेटच्या लांकडी कडेला लागून चेंडू कसाबसा जाळ्यापलीकडे पडला ! अखेर १०-८, ४-६, ९-७ असा सामना सुझाननें जिंकला.

पुढें १९२३ पर्यंत दरसाल आणि पुन्हा १९२५ सालीं, मिळून सहा वेळां विंबल्डनचें एकेरीचें पद तिच्याकडे आलें. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळालें. १९१९ पासून १९२६ पर्यंत तिनें एकच एकेरी सामना गमावला. १९२१ सालीं अमेरिकेंत मोला मॅलरीविरुद्ध आजारी अवस्थेंत तिनें तो अर्ध्यावर सोडला होता. पुढच्याच वर्षीं विंबल्डनला ६-२, ६-० असें तिनें त्याचें उट्टें काढलें. इतर बायका कॉर्सेटनें कंबर आवळून, घोळदार झगे सांवरीत खेळत. ही आंखूड झग्यांत, दंड उघडे ठेवून, डोक्याला रेशमी पट्टी बांधून नर्तकीसारखी उड्या घेई. लोकांनीं नांवें ठेविलीं, पण रांगा लावूनच. विंबल्डनचें जुनें मैदान अपुरें पडूं लागलें व १९२२ सालीं नवें उघडावें लागलें, त्यांत या बाईच्या लोकप्रियतेचा वांटा मोठा होता.

या रांगांचे पैसे कोणाच्या पेटींत जात ? हौशी खेळाडूला बक्षिसाचा पैसाही घेण्याची मनाई होती. खर्चाच्या नांवाखालीं कांहींना पैसे पोंचत, हें उघड गुपित होतें. पण राजरोस मागणें पाप! सुझानची तक्रार सरळ होती: टेनिसला मीं लक्षावधि फ्रँक मिळवून दिले आणि खेळूं द्यावें म्हणून प्रवेशशुल्क मात्र मीच भरलें. श्रीमंतांच्या मुलांनाच पेलेल असा हा नियम आहे, असें ती म्हणे. मला तिचें म्हणणें खरें वाटतें.

१९२६ हें साल निर्णायक ठरलें. फेब्रुवारींत कान येथें अमेरिकेच्या वीस वर्षांच्या हेलन विल्सला तिनें ६-३, ८-६ असें हरविलें. एकेरींत या दोघींची गांठ पुन्हा पडली नाहीं. विंबल्डनला वेळेचा कांहीं घोटाळा झाला, राणी मेरी तिची वाट पाहत राहिल्या, वर्तमानपत्रांनीं तिच्यावर झोड उठविली आणि ती स्पर्धा सोडून गेली. त्यानंतर चार्ल्स पाइल नांवाच्या अमेरिकन व्यवस्थापकानें पन्नास हजार डॉलर देऊं केले. तिनें सही केली. विंबल्डनच्या क्लबानें तिचें सन्माननीय सभासदत्व काढून घेतलें.

९ ऑक्टोबर १९२६ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पहिला खेळ झाला. तेथून अमेरिका, कॅनडा, क्यूबा, मेक्सिको असा दौरा चालला. प्रतिस्पर्धी एकच, मेरी ब्राउन. अडतीस सामने, आणि अडतीसही सुझाननें जिंकले. यांतच त्या धंद्याचें दुखणें होतें. पैसा मिळाला, पण अजिंक्यपदें सारीं कुंपणापलीकडे राहिलीं, आणि बरोबरीची दुसरी स्त्री कुंपण ओलांडावयास तयार नव्हती. १९२७ च्या फेब्रुवारींत दौरा आटोपला. त्याच वर्षीं इंग्लंडांत थोडे सामने झाले, आणि अठ्ठाविसाव्या वर्षीं तिचा खेळ संपला. पुढें पॅरिसला ती टेनिस शिकवूं लागली. ४ जुलै १९३८ रोजीं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, रक्तक्षयानें ती वारली.

विंबल्डननें धंदेवाईकांना दार उघडलें १९६८ सालीं. त्या वर्षीं पुरुष-विजेत्या रॉड लेव्हरला दोन हजार पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला साडेसातशें. तेथें दोघांचें बक्षीस समान व्हावयास २००७ साल उजाडावें लागलें. पॅरिसला फ्रेंच स्पर्धा जेथें होते, तेथील एका मोठ्या मैदानाला आज सुझानचें नांव आहे, आणि स्त्रियांच्या विजेतीला मिळणारा चषकही तिच्याच नांवाचा आहे.