आंदणाआधीची मुंबई

मुंबईचा इतिहास सांगू लागणारा बहुधा एका लग्नापासून सुरुवात करतो. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाचा करार झाला, मुंबई आंदणात गेली आणि १६६८ साली राजाने ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. कथा सुटसुटीत आहे. आंदणात दिलेल्या या बेटांवर तेव्हा राहत कोण होते, हा प्रश्न मात्र तिच्यात उद्भवतच नाही.

तेथे कोळी राहत होते. भंडारी, आगरी, कुणबीही होते. परंतु त्यांच्याजवळ करारपत्रे नव्हती, आणि आपली इतिहासदृष्टी कागदावर पोसलेली. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' आपल्याला पोर्तुगीजांच्या मागे नेते खरी. तथापि तिचाही भर राजे, कुळे आणि वृत्ती यांवरच आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली आले, तोवर बेटांमधले पाणी बरेचसे बुजवले गेले होते. वरळीची खाडी अडवणारा बांध तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हॉर्नबी गव्हर्नर असतानाच घातला गेला होता.

मग या पहिल्या रहिवाशांचा इतिहास शोधायचा कोठे? माझ्या मते तो स्थलनामांत शोधावा. खाडी ओलांडून आलेल्याने पाय धुवायचे ती पायधुनी. उंबराच्या झाडावरून नाव पडलेली उमरखाडी. आज तेथे ना खाडी, ना उंबर. बेटाची हद्द संपते ती शीव. इंग्रजी लिपीत शिरून तिचे 'सायन' झाले आणि अर्थ हरवला. कुलाब्याच्या नावात कोळी आहेत, असे परंपरा सांगते. शहराचे नावच मुळी कोळ्यांच्या मुंबादेवीचे. तिचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तेथून हलवावे लागले. देवी विस्थापित झाली, नाव मात्र राहिले.

ही केवळ व्युत्पत्तीची हौस नव्हे. या नावांतून एक निराळा भूगोल दिसतो. राज्यकर्त्यांच्या नकाशात पाणी म्हणजे बुजवायची अडचण. कोळ्यांच्या लेखी ती वहिवाट. दोन दृष्टींमधला हा तंटा अद्याप मिटलेला नाही. सागरी किनारा रस्त्याचे काम वरळीला पोहोचले, तेव्हा पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटर ठरले होते. त्यातून लाटांच्या ओढीत होड्या सुखरूप जाणार नाहीत, म्हणून वरळीच्या कोळ्यांनी १६० मीटरची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर, २०२२ च्या अखेरीस, १२० मीटर मान्य झाले.

त्यांच्या मागणीचा गाभा पाहण्याजोगा आहे. त्यांना समुद्राची मालकी नको होती, जाण्यायेण्याची वाट हवी होती. खरेदीखते आणि करारनामे यांवर उभ्या राहिलेल्या इतिहासाला अशा हक्काची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे उमगत नाही. मुंबईचे साहित्य शिकवताना आपण गिरणगाव आणि चाळीपासून आरंभ करतो. एखाद्या वर्षी पायधुनी या शब्दापासून आरंभ करून पाहावा. तेथे पाय कोणी धुतले आणि ते पाणी कोठे गेले, हे विचारले तरी विद्यार्थी आंदणाच्या मागे निश्चित जातील.