प्रकाशकणांची खानेसुमारी

खानेसुमारी हा आपल्या जुन्या दप्तरांतला शब्द. खाना म्हणजे घर, आणि सुमारी म्हणजे मोजणी. आज ज्या मोजणीविषयी बोलावयाचे आहे, तिला तो अक्षरशः लागू पडतो. येथील घरे मात्र तांब्याची, षट्कोनी आणि नखाएवढी आहेत, आणि ज्याची चाहूल घ्यावयाची तो पाहुणा म्हणजे प्रकाशाचा कण, फोटॉन.

या कथेचे मूळ एका मुंबईकर तरुणापाशी जाते. १९३७ साली होमी भाभांनी इंग्लंडात वाल्टर हाइटलर यांच्यासमवेत विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. (त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही हे गणित स्वतंत्रपणे मांडले.) जोरकस फोटॉन शिशासारख्या जड पदार्थात शिरला की त्याच्यापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते; ती जोडी नवे फोटॉन सोडते, आणि त्यांच्यापासून पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनांचे चार असा हा वंशविस्तार होय.

आता सोन्याच्या किंवा शिशाच्या दोन अणुकेंद्रांची प्रचंड वेगाने टक्कर घडविली, तर क्षणभर प्रोटॉन-न्यूट्रॉनही वितळतात आणि क्वार्क व ग्लुऑन यांचा तप्त रस होतो, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यातून हजारो कण उधळतात. इतर कण त्या गर्दीत धक्के खात बाहेर पडतात. फोटॉन मात्र कोणाशी न अडखळता निसटतो, म्हणून त्याची साक्ष मोलाची. तथापि ही साक्ष सरळ मिळत नाही. बाहेर आलेल्या फोटॉनांपैकी बहुतेक उदासीन पायऑन मोडून मागाहून झालेले असतात. रसातून थेट आलेले फारच थोडे.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत १९९० नंतर आपल्या देशातील मंडळींनी ही मोजणी अंगावर घेतली. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्रातील योगेंद्र वियोगी त्यांत अग्रभागी होते. भुवनेश्वर, चंदीगड, जम्मू आणि जयपूर येथील गटही होते. पुढच्या दिशेला कणांची इतकी दाटी असते की प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा मापणे अशक्यप्राय. तेव्हा त्यांनी निदान डोकी मोजावयाची असे ठरविले. शिशाचा जाड पत्रा, आणि त्यामागे हजारो खाने. फोटॉन शिशात वर्षाव माजवून अनेक खाने उजळतो, तर पायऑनसारखा विद्युत्भारित कण बहुधा एकच खाना उजळून निघून जातो. युक्ती एवढीच, आणि ती भाभा-हाइटलरांच्या गणितावर उभी! ज्या जिनिव्हाकडे निघालेले विमान १९६६ साली माँ ब्लाँवर कोसळून भाभांचा अंत झाला, तेथेच ही मांडणी उभी राहिली.

मोजून काय शोधावयाचे होते? १९७० च्या दशकात बोलिव्हियातील चाकालताया पर्वतावर विश्वकिरणांच्या काही अशा घटना नोंदल्या गेल्या होत्या की त्यांत फोटॉन जवळजवळ नव्हतेच. एरवी पायऑनांपैकी एक तृतीयांश उदासीन असतात. हे प्रमाण एखाद्या टकरीत अकस्मात झुकते काय, हा प्रश्न होता. डब्ल्यूए-९८ या प्रयोगात शिशावर शिसे आदळून तो धुंडाळला. तसा झुकाव आढळला नाही, आणि असला तर किती असू शकेल याची मर्यादा तेवढी बांधता आली. मला हा निर्णय कमी मोलाचा वाटत नाही. याच प्रयोगातील शिसेकाचेच्या सुमारे १० हजार ठोकळ्यांनी थेट फोटॉनांचा अंश दाखविला. ते २००० साली प्रसिद्ध झाले.

पुढे अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथे 'स्टार' प्रयोगात ८२,९४४ वायुभरित खान्यांचे यंत्र बसले. या वेळी पवईची आय.आय.टी.ही सामील झाली. खरवई-बदलापूरकरांनो, कांजूरमार्गला उतरलात की ती संस्था हाकेच्या अंतरावर! २००५ साली निष्कर्ष आला: टकरीत प्रत्यक्ष भाग घेणारे प्रोटॉन-न्यूट्रॉन जितके, त्या प्रमाणात फोटॉन. टक्कर ओझरती असो वा समोरासमोर, हिशेब तोच राहतो.

सर्नच्या 'अॅलिस' प्रयोगात खाने दोन लाखांवर गेले. २०१८ अखेर तेथील दुसरी फेरी संपली. नव्या मांडणीत या यंत्राला जागा नव्हती. त्याने टिपलेल्या प्रोटॉन-शिसे टकरींचा हिशेब मात्र २०२३ साली छापून आला.