आकाशाच्या फोटोत रंग कोण भरतं?

जुन्या घरांत भिंतीवर आजी-आजोबांचा फोटो असतो. फोटो काळा-पांढरा, पण आजीचं लुगडं हिरवं आणि कुंकू लाल, कारण स्टुडिओवाल्याने ब्रशने रंग भरलेला. कधी तर दोघांचे वेगवेगळे फोटो एकाच चौकटीत जोडलेले. त्याला घरात कुणी फसवणूक म्हणत नाही. रात्रीच्या आकाशाच्या फोटोंचंही असंच आहे. फोटो काढून झाल्यावर त्यावर बरंच काम होतं, आणि या कामाला जवळजवळ दीडशे वर्षं झाली.

30 सप्टेंबर 1880 रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी आपल्या मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, पहिला फोटो घेतला. त्यासाठी काचेवर 51 मिनिटं उजेड पडू द्यावा लागला. दोन वर्षांनी ते वारले. त्यांच्या कामात हात देणाऱ्या पत्नी मेरी ॲना यांनी पुढे हार्वर्ड वेधशाळेला पैसे दिले, आणि तिथे आकाशाच्या काचा तपासायला बायका बसल्या. या काचांवर सगळं उलटं असतं, रात्र पांढरी आणि तारे काळे ठिपके. विल्यमिना फ्लेमिंग त्यांच्यातल्याच. गरोदर असताना नवऱ्याने सोडलं, म्हणून वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण झाल्या आणि तिथून या कामावर आल्या. 1888 च्या एका काचेवर मृगातच त्यांना घोड्याच्या डोक्यासारखा ढग दिसला. छापील यादीत श्रेय मात्र संचालकांच्या नावावर लागलं. हे आपल्याला काही नवीन नाही.

खरी कमाल पुढे ऑस्ट्रेलियात झाली. डेव्हिड मालिन मूळचे रसायनशास्त्राचे माणूस, 1975 साली ते तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला लागले. अडचण अशी होती की ढगाचा मधला भाग झगझगीत येई आणि कडेचं बारीक काही दिसत नसे. मालिन यांनी मूळ काचेची एक मुद्दाम पुसट, उलटी प्रत फिल्मवर काढली. ती काचेला जोडून दोन्हींमधून नवा फोटो छापला. मधला भपका उतरला आणि आतले धागे दिसू लागले. आजही कॉम्प्युटरवर फोटो सुधारताना 'अनशार्प मास्क' नावाचं बटण असतं, ते याच युक्तीवरून आलं. रंगासाठी ते लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन काळे-पांढरे फोटो घेत आणि एकत्र करत. ही रीत मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1861 सालीच दाखवली होती. अंधुक खुणा गडद करता करता 1986 साली एक प्रचंड पण अतिशय फिकी दीर्घिका हाती लागली. तिला आज 'मालिन 1' म्हणतात. त्यांनी पदरचं काही घातलं नव्हतं. जे होतं तेच डोळ्यांना दिसेल असं केलं.

आता 1 एप्रिल 1995 चा फोटो घ्या. हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी वायू आणि धुळीच्या तीन उंच खांबांचा फोटो घेतला. जगभर तो कॅलेंडरांवर लागला. पण हबलचा कॅमेरा काळे-पांढरेच फोटो घेतो. गंधकाच्या उजेडाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा, असे रंग नंतर दिले गेले. खरं तर हायड्रोजनचा तो उजेड लाल असतो! मग हिरवा का? कारण गंधकाचाही लालच. दोघांना लाल ठेवलं तर कोणता कुठे ते कळणारच नाही. आपण गटाच्या वहीत बचत निळ्या शाईने आणि कर्ज लाल शाईने लिहितो, म्हणून काही रुपयाचा रंग बदलत नाही. कोणता रंग कशाचा, हे त्या शास्त्रज्ञांनी उघड सांगितलं, म्हणून आम्ही तरी त्याला खोटं म्हणणार नाही.

दर दिवाळीला गटांच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'अंतराळातून दिवाळी'च्या फोटोचं मात्र वेगळं आहे. काळोखात भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. हा एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या हवामान संस्थेतल्या ख्रिस एल्व्हिज यांनी उपग्रहांची अनेक वर्षांची माहिती जोडून 2003 साली तो बनवला. 1992 च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, 1992 मध्ये दिसू लागलेले निळे, 1998 चे हिरवे, 2003 चे लाल. म्हणजे वस्ती आणि वीज कुठे कधी वाढली याचा तो नकाशा. रंग भरणाऱ्याने लबाडी केली नाही, लबाडी खालच्या ओळीत आहे. नासाने पुढे 12 नोव्हेंबर 2012 च्या रात्रीचा खरा फोटो प्रसिद्ध केला आणि सांगितलं, की पणत्यांचा वाढीव उजेड इतका थोडा असतो की वरून तो कळतही नाही.

आणि हे सगळं आता आपल्या हातातच आलंय. मोबाईलमधला नाईट मोड एका मागोमाग अनेक फोटो घेतो आणि आपोआप एकत्र करतो, म्हणून तर तो चालू असताना हात हलवू नका असं सांगतात. हिवाळ्यात संध्याकाळनंतर पूर्वेला मृग उगवतो. मोबाईल ओट्यावर टेकवून ठेवा आणि फोटो घ्या. ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या जवळच, अंधारात लपलेलं, फ्लेमिंगबाईंचं ते घोड्याचं डोकं आहे. मोबाईलला ते दिसणार नाही, पण जागा तीच.