तानकाटा आणि हूकसाहेबांचा हॅश

नाकाडोंगरी, तालुका तुमसर. डोंगरी बुजुर्गची मॅंगनीज खाण जवळच. मला मात्र तिकडचं आठवतं ते मोहफुलांची गाठोडी लटकवलेला तानकाटा! त्यातल्या स्प्रिंगचा इतिहास भारी आहे.

रॉबर्ट हूकला नियम सापडला १६६० मध्ये, पण गडी गप्प. १६७५ मध्ये हॉयगेन्सने स्प्रिंगवालं घड्याळ जाहीर केलं आणि हूक भडकला, "हे माझं!" मग १६७६ मध्ये त्याने १४ अक्षरं उलटसुलट करून छापली. उत्तर दिलं १६७८ मध्ये: 'उत तेन्सिओ, सिक विस', म्हणजे जसा ताण, तसं बल. आपल्या भाषेत, आधी हॅश टाकला, मजकूर नंतर. (इकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा दक्षिण दिग्विजय चालू होता.)

म्हणून तानकाट्यावरच्या रेघा समान अंतरावर असतात: दुप्पट वजन, दुप्पट ताण. पण हे एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे ओढली की स्प्रिंग पूर्ववत होत नाही, आणि काटा खोटं बोलायला लागतो. दिवसभर वेचलेल्या मोहाचे पैसे त्या सुईवर ठरतात राव! तेव्हा गाठोडं लावण्याआधी दोन गोष्टी बघा: रिकामी सुई शून्यावर आहे का, आणि वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का.