चार दिवसांची शाई आणि तिच्यावरचा थर

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आयरिस ग्राफिक्स या कंपनीने एक महागडे इंकजेट यंत्र बाजारात आणले. ते कलावंतांसाठी नव्हतेच. हजारो प्रती छापण्याआधी गिऱ्हाइकाला रंग दाखवायचे आणि होकार मिळवायचा, एवढ्यापुरते एक प्रूफ त्यातून निघे. होकार मिळाला की प्रूफ टोपलीत. साहजिकच शाई निवडताना रंगाची झळाळी पाहिली गेली, तिच्या आयुष्याचा विचार कोणी केला नाही. आज इंकजेट कलामुद्रांवर जो पारदर्शक लेप चढवतात, त्याची कहाणी या निवडीपासून सुरू होते.

गायक ग्रॅहम नॅश यांना छायाचित्रांचे मोठे वेड. १९९०मध्ये त्यांनी आपला छायाचित्रसंग्रह सदबीजच्या लिलावात विकला. त्याचे २० लाख डॉलरहून जास्त आले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे जुने सहकारी मॅक होल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ सुरू केली. त्यांचे आयरिस ३०४७ हे यंत्र १ लाख २६ हजार डॉलरचे. त्यात जलरंगाचा जाड कागद घालता यावा म्हणून त्यांनी यंत्राची मोडतोड केली आणि वॉरंटीवर पाणी सोडले. फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या कागदावर शाईचे बारीक थेंब पडत. सुती कागदात ते असे मुरत की छापलेले चित्र हाताने रंगवल्यासारखे दिसे.

दिसायला देखणे, पण प्रकृतीने नाजूक. शाई पाण्यात विरघळणारी होती. चित्र हाताळताना कोणी शिंकले तरी डाग. भिंतीवर टांगले की उजेडाने काही वर्षांतच रंग फिके. आयोवातल्या ग्रिनेल गावी रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या घेणारे हेन्री विल्हेम यांचा जाडजूड ग्रंथ १९९३मध्ये आला, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर होता. मुद्रकांनी मग स्प्रे हाती घेतला. अतिनील किरण शोषणारे लॅकर चित्रावर फवारले की पाण्यापासून थोडे संरक्षण मिळे. उजेडाचे दुखणे मात्र पुरते जात नसे, कारण डाय प्रकारच्या शाईचे रंग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतात, आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही.

छापील चित्रावर वॉर्निश चढवण्याची रीत आपल्याकडेही जुनी. राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये मुंबईत गिरगावात काढलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना ओलिओग्राफसाठीच ओळखला जातो. एकेका रंगासाठी वेगळ्या दगडावरून छाप घ्यायचा, वर वॉर्निश द्यायचे आणि कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव दाबून काढायचा, ही ओलिओग्राफची पद्धत. तिथे वॉर्निशचे मुख्य काम कागदाला तैलचित्राची चमक देण्याचे होते. आयरिसच्या वेळी ते रंग वाचवण्याचे झाले.

पुढचा शत्रू अनपेक्षित दिशेने आला. २०००मध्ये एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर घराघरांत पोचले आणि त्यावर छापलेले काही फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. काचेमागचे शाबूत, उघड्यावरचे बिघडलेले! दोष उजेडाचा नव्हता, हवेतल्या ओझोनचा होता. कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून तो वायू शाईपर्यंत पोचे आणि निळसर सायन रंग खाऊन टाके. हवेची वाट बंद करणारा थर हा त्यावरचा इलाज होता.

त्याच वर्षी एप्सनने पिगमेंट शाईचा स्टायलस फोटो २०००पी आणला. डायमध्ये रंगाचे रेणू विरघळलेले असतात, तर पिगमेंटमध्ये रंगाचे घट्ट कण तरंगतात. वरचे रेणू उडाले तरी कणाच्या पोटात रंग शिल्लक राहतो. उजेडाची आणि हवेची धास्ती यामुळे बरीच ओसरली, पण हे कण कागदाच्या पृष्ठभागाशीच बसतात आणि नखाने, कापडाने, नुसत्या घासण्यानेही निघतात. लेपाचे मुख्य काम आता स्पर्शापासून राखण करण्याचे झाले.

कॅनव्हासवर हे सगळ्यात ठळक दिसते, कारण तो बहुधा काचेशिवाय टांगला जातो. छपाईनंतर शाई निदान एक दिवस सुकू देतात. मग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश फोमच्या रोलरने पसरवतात. ओला थर दुधासारखा पांढुरका दिसतो आणि वाळता वाळता पारदर्शक होतो. अर्धवट वाळलेल्या जागी रोलर पुन्हा फिरवला की पृष्ठभाग ओरखडतो, म्हणून एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. लेप लवचीक हवा, कारण लाकडी चौकटीवर ताणताना कॅनव्हास कडेला दुमडतो आणि लेप ठिसूळ असेल तर तिथे शाईला तडे जाऊन खालचा पांढरा रंग डोकावतो.

सुती कागदावर रोलर चालत नाही, तिथे फवाऱ्याचे हलके हात द्यावे लागतात. सॉल्व्हंट उडून जाताना पृष्ठभाग गार होतो आणि हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरून पांढरट झाक येते. मुंबईच्या जुलैत हे काम कोरड्या, वातानुकूलित खोलीतच करावे लागते ते यामुळे.

संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ या थराकडे जरा सावधपणे पाहतात. तैलचित्रावरचे पिवळे पडलेले जुने वॉर्निश कुशल हात बहुतेक वेळा काढून टाकू शकतात. इंकजेटवरचा लेप शाईच्या आणि कागदाच्या थरात मुरतो. तो सोडवायला गेले तर चित्रही हाताला येईल. काचेमागे राहणाऱ्या कागदी मुद्रेला म्हणूनच पुष्कळ मुद्रक लेप देत नाहीत. संगणकात फाइल असताना दुसरी प्रत काढता येईल, हा युक्तिवादही तोकडा पडतो, कारण मर्यादित आवृत्तीतल्या क्रमांकित, सही केलेल्या प्रतीचे मोल ती पुन्हा निघणार नाही या हमीवरच उभे असते. त्यामुळे जागरूक मुद्रक आता चित्रासोबतच्या प्रमाणपत्रावर शाई आणि कागद यांच्या जोडीला लेपाचे नावही लिहून देतात, म्हणजे पुढे दुरुस्तीला बसणाऱ्याला आपण कशाला हात घालतो आहोत हे आधीच कळते.