क्रूसेडमध्ये आपले कोण होते?

वर्ध्याला महाविद्यालयात इतिहास शिकवताना क्रूसेडचा धडा आला की मी फळ्यावर ‘धर्मयुद्ध’ असे लिहीत असे. जवळच सेवाग्राम, गांधीजींनी तर सत्याग्रहालाच धर्मयुद्ध म्हटले होते. दरवर्षी कुणीतरी विचारायचे, “सर, त्यात आपले कोण होते?” “कुणी नाही,” हे माझे ठरलेले उत्तर. निवृत्तीनंतर पोर्तुगीज काळाचे वाचन वाढले, तेव्हा ते उत्तर चुकले होते हे कळले.

१२९१ मध्ये इजिप्तच्या ममलुकांनी अक्का घेतले आणि पॅलेस्टाइनमधली क्रूसेडवीरांची सत्ता संपली. आपला धडा तिथे संपतो. पोर्तुगाल मात्र थांबला नाही. बरखास्त झालेल्या टेम्पलर संघाची तिथली मालमत्ता १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’कडे गेली. याच संघाचा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज गलबते हिंदुस्थानात आली. राजा मानुएलच्या मनात जेरुसलेम होते, आणि मिऱ्यांचा व्यापार तोडला की ममलुकांचा खजिना आटेल, हा हिशेबही होता. त्याचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मेडा ग्रानाडाच्या युद्धात लढलेला.

मार्च १५०८ मध्ये ममलुक सेनापती अमीर हुसेनने पोर्तुगीज ताफा चौलला गाठला. अल्मेडाचा मुलगा लोरेन्सु तिथे मारला गेला. सुडाने पेटलेल्या बापाने डिसेंबरात दाभोळ जाळले.  ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवला त्याने अमीर हुसेनचा पराभव केला.

या लढायांतले पक्ष मात्र धर्माप्रमाणे पडलेले नाहीत. दीवला ममलुकांच्या बाजूने कालिकतच्या हिंदू सामुतिरीची जहाजे होती. दीवचा सुभेदार मलिक अयाज मुसलमान. पण त्याने चौलच्या पोर्तुगीज कैद्यांना नीट सांभाळले आणि अल्मेडाशी संधान राखले. अफोंसु द अल्बुकर्कला आदिलशाही गोव्याकडे वळवले, ते होनावरच्या तिमोजा या हिंदू दर्यावर्दीने. २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा दुसऱ्यांदा घेतल्यावर अल्बुकर्कने शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. ब्राह्मण आणि शेतकरी यांना वगळल्याचे त्याने स्वतःच राजाला कळवले.

ती सवलत फार टिकली नाही. तीसेक वर्षांत तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. प्रियोळ तेव्हा आदिलशाहीत होते. ज्या सत्तेला हुसकावण्यासाठी तिमोजाने अल्बुकर्कला आणले, तिच्याच मुलखात देवाला आसरा मिळाला.

आज तोच प्रश्न आला, तर नेत्यांची नावे मी सांगेनच. पण ‘आपले’ म्हणून आधी सांगेन ते दाभोळची जळालेली माणसे, गोव्यात कापले गेलेले मुसलमान आणि मंगेशाला घेऊन नदी ओलांडणारे कुठ्ठाळीकर. त्यांतल्या कुणालाही हे युद्ध हवे होते का, असे कुणी विचारले नव्हते.